खेळातही जन्मावरून गुण ठरणार असतील, तर तो खेळ आम्ही बदलू!

"काय रे पोरांनो, रात्री विहाराच्या ओट्यावर फासे टाकता म्हणे तुम्ही?"

गेल्या हिवाळ्यात वस्तीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने आम्हाला असं हटकलं. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेला माणूस. आवाज चढवत नाहीत, पण प्रश्न असा विचारतात की समोरचा उभ्या उभ्या घामाघूम होतो. "बाबासाहेबांनी तुमच्या हातात पुस्तक दिलं आणि तुम्ही फासा घेतला. सिगालोवाद सुत्त वाचलंय का कधी?"

वाचलेलं होतं. गृहस्थाची संपत्ती नासवणाऱ्या सहा गोष्टी भगवान बुद्धांनी त्यात सांगितल्या आहेत. त्यात जुगार आहे आणि अवेळी बाहेर भटकणंही आहे. म्हणजे आमच्यावर एक नव्हे, दोन कलमं लागू होत होती! आम्ही हसलो, नाना हसले नाहीत. म्हणून त्यांना जे उत्तर दिलं, तेच थोडं सविस्तर इथे मांडतो आहोत. कारण हा प्रश्न एकट्या नानांचा नाही. "चळवळीची एवढी कामं पडली असताना खेळ कसले खेळता?" असं चळवळीतल्या बऱ्याच जणांनी आम्हाला विचारलं आहे.

आधी खेळ काय आहे ते सांगू. याला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आमच्याकडे टेबल नाही, ओटा आहे. पाच-सहा जण गोल करून बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र तयार करतात, त्याचं नाव, काम, स्वभाव, भीती, सगळं स्वतः ठरवतात. सूत्रधार प्रसंग सांगतो. नदीला पूर आला आहे, नाव एकच आहे, नावाडी म्हणतो दोघांनाच नेईन, आणि तुम्ही पाच जण आहात. मग तो एकेकाकडे बघून विचारतो, "तू काय करतोस?" संपूर्ण खेळ या एका प्रश्नावर उभा आहे. जे करायचं ठरवलं ते जमेल की नाही याची खात्री नसेल, तेव्हाच फासा टाकायचा. पैसे लावायचे नाहीत. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. गोष्ट पुढे जाते, कधी कधी महिनोन्‌महिने.

मग हा जुगार कसा? जुगारात माणूस आपल्या कष्टाचा पैसा नशिबाच्या हवाली करतो. इथे हवाली करायला काही नसतंच.

आपल्याकडच्या जुन्या मोक्षपटाशी याची तुलना करून पाहा. मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप. पण शिडी चढायची की सापाच्या तोंडी जायचं, हे खेळणाऱ्याला कधीच ठरवता येत नाही. दान पडेल तशी सोंगटी सरकते आणि वर सांगितलं जातं की हे तुझ्या पाप-पुण्याचं फळ! कर्मविपाकाचा सिद्धांत लहान मुलांच्या गळी उतरवायला याहून सोपं साधन सापडणार नाही. आमच्या खेळात उलटं आहे. आधी माणूस ठरवतो, मग फासा पडतो. फासा चुकला तरी पुढचा प्रश्न पुन्हा तोच, "आता तू काय करतोस?"

या प्रकारचा पहिला प्रसिद्ध खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम खुल्या परवान्याखाली आले. म्हणजे ते कोणीही वापरावेत, बदलावेत, आपल्या भाषेत आणावेत. आमच्यापैकी एकाने ते मोबाइलवर उतरवून घेतले आणि आम्ही रात्री बसून मराठीत समजून घेतले. त्याला वीस बाजूंचा फासा लागतो. तो आमच्याकडे नव्हता. आम्ही १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या करून बिस्किटाच्या डब्यात टाकल्या. आजही तोच डबा आहे.

आणि वाचता वाचताच आम्ही अडखळलो. या खेळात प्रत्येक पात्राला सहा गुण असतात. ताकद, चपळाई, दमसास, बुद्धी, शहाणपण आणि इतरांवर पडणारी छाप. हे गुण आकड्यांत मोजतात. पात्र कोणत्या 'रेस'मध्ये जन्मलं, म्हणजे माणूस, एल्फ, बुटका ड्वॉर्फ की ऑर्क, त्यावरून काही आकडे वाढत. एल्फ जन्मतःच चपळ. ड्वॉर्फ जन्मतःच दमदार. आणि ऑर्क? २०१६ सालच्या एका पुस्तकात ऑर्कच्या ताकदीत दोन गुण जास्त आणि बुद्धीत दोन गुण वजा! म्हणजे जन्माला येण्याआधीच ठरलं की हा अंगमेहनतीला चांगला, डोक्याने कमी.

मित्रहो, हे वाक्य आपण कुठे ऐकलं आहे? आपल्या आज्या-पणज्यांनी ते आयुष्यभर ऐकलं. परग्रहावरची गोष्ट वाटावी अशा त्या पुस्तकात मनूचा कायदा नाव बदलून बसला होता!

तिकडच्या खेळाडूंनाही हे खटकलं आणि त्यांनी आवाज उठवला. २०२० साली कंपनीने ऐच्छिक नियम काढला की जन्माचे हे वाढीव गुण हव्या त्या गुणाला जोडता येतील. ऑर्कची ती वजाबाकीही गेली. २०२४ च्या नव्या पुस्तकात 'रेस' हा शब्दच काढून टाकला आणि वाढीव गुण पात्राच्या पार्श्वभूमीशी, म्हणजे ते आधी काय काम करत होतं त्याच्याशी जोडले. जे पुस्तक माणसांनी लिहिलं ते माणसं बदलू शकतात, हे यातून पुन्हा सिद्ध झालं.

पण आमचं समाधान एवढ्याने झालं नाही. गुण जन्मावर नको, कामावर हवेत, हे अमेरिकेत ऐकायला बरं वाटतं. आपल्या देशात काम कशावरून ठरत होतं? जन्मावरूनच! जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडून ठेवलं आहे. मग 'हा चांभाराचा मुलगा, म्हणून याच्या हाताला कसब' हा नियम 'हा ऑर्क, म्हणून याला ताकद' यापेक्षा वेगळा कसा? म्हणून आम्ही आमचा नियम केला. गुण कोणताही घ्या, पण तो तुमच्या पात्राने कोणाकडून आणि कसा शिकून घेतला, हे सांगितल्याशिवाय आकडा मिळणार नाही. "बापाचा धंदा होता" एवढं उत्तर चालणार नाही. या एका नियमाने प्रत्येक पात्रामागे एक गोष्ट उभी राहिली.

आता आमची फजिती सांगतो. पहिल्या रात्री सूत्रधार म्हणाली, "कोणीही व्हा, जगात कोणीही." पाच खेळाडूंपैकी चौघांची पात्रं राजघराण्यातली निघाली! एक युवराज, एक युवराजाचा मित्र, एक सेनापतीचा मुलगा आणि एक राज्यातून हाकलला गेलेला दुसरा युवराज. नावं टीव्हीवरच्या मालिकांत असतात तशी. सभेत आम्ही जातिअंताची भाषणं करतो. पण डोळे मिटून "मोठा माणूस" असं म्हटलं की डोळ्यांसमोर मुकुटच येतो. विचार बदलले होते, कल्पना अजून दुसऱ्याच्या ताब्यात होती.

पाचवं पात्र वेगळं होतं. आमच्यातल्या एका मुलीने विहिरी खोदणारी बाई घेतली. मातीचा वास घेऊन खाली पाणी आहे की नाही ते सांगणारी. कोणाकडून शिकली, तर दुष्काळात गावोगाव फिरताना भेटलेल्या एका म्हाताऱ्या खोदकाम करणारीकडून. गोष्टीत आम्ही एका बंद किल्ल्यापाशी पोचलो. आमच्या युवराजांनी दार फोडायला चिठ्ठी उचलली, निघाला ४. पुन्हा उचलली, ७. तिसऱ्यांदा ३. तेव्हा ती म्हणाली, "थांबा. आत एवढे लोक राहतात ना? मग यांना पाणी कुठून येतं?"

सूत्रधाराने याचा विचारच केला नव्हता. तिने कागद बाजूला ठेवला आणि तिचा चेहरा असा उजळला की आम्हाला आजही आठवतो. जमिनीखालून पाण्याचा पाट होता असं तिथेच ठरलं आणि आम्ही त्या पाटातून वाकून वाकून आत शिरलो. ती मुलगी शाळेच्या सहलीत बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा बघून आली होती. मोगल काळातली ती भूमिगत पाण्याची व्यवस्था तिच्या डोक्यात राहिली होती.

या खेळातला सर्जनशील खेळाडू म्हणजे कोण, हे आम्हाला त्या रात्री कळलं. ज्याचे आकडे मोठे तो नव्हे. जो लांबलचक संवाद म्हणतो तो तर नव्हेच. कागदावर नसलेला प्रश्न जो विचारतो, आणि ज्याच्या प्रश्नाने बाकीच्यांनाही वाट सापडते, तो. आमचं असोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. १८८० साली त्या इथे जन्मल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर काम करता करता रचत गेल्या. मुलाने आणि नात्यातल्यांनी ते उतरवून ठेवलं, म्हणून त्यांच्यामागे १९५२ साली पुस्तक आलं. कल्पना हातातल्या कामातून येते, याला आमच्या गावातच पुरावा आहे. वस्तीतल्या ज्या आज्यांचं कोणी उतरवून घेतलं नाही, त्यांच्याकडेही ती होतीच.

काही मित्र म्हणतात, "हे विदेशी फॅड आहे." त्यांना तमाशातली बतावणी आठवून पाहायला सांगावं. जुन्या वगांना लिहिलेली संहिता नसे. कथेचा सांगाडा ठरलेला आणि संवाद जागेवर, समोरच्याचं ऐकून. हे काम महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. पण त्यातली वेदनाही विसरू नये. रात्री बोर्डावर राजा झालेला माणूस सकाळी गावकीच्या कामाला हजर असे. नुसतं राजाचं सोंग घेऊन काही बदलत नाही. म्हणूनच सत्यशोधकांनी आणि पुढे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलशात तमाशाचा साचा घेतला आणि आतला मजकूर बदलला. युवराजांची चार पात्रं आम्ही त्याच आठवड्यात रद्द केली.

आणि मग ठरवलं, महाड खेळायचं.

यावरून आमच्यात भांडण झालं. एक जण म्हणाला, महाडचा खेळ करणं हा अपमान आहे. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणून तीन मर्यादा घातल्या. बाबासाहेबांची भूमिका कोणीही करायची नाही. इतिहासात जे घडलं ते चिठ्ठीवर बदलायचं नाही. आपण फक्त नाव नसलेले स्वयंसेवक व्हायचं आणि आपापलं काम करायचं. १९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेला लोक आले, तेव्हा त्यांना प्यायला पाणी नव्हतं. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव १९२३ साली झाला होता, महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला होता, पण पाणी कागदावरच होतं. परिषदेसाठी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. आम्ही ठरवलं, आपले स्वयंसेवक ते पाणी आणणारे.

पाणी विकणाऱ्याचं काम मात्र कोणालाच जमेना. आम्ही करायचो तो सिनेमातला खलनायक व्हायचा, मिशीला पीळ देणारा, दात-ओठ खाणारा. सगळे हसायचे.

त्या रात्री मळ्यात वांगी भाजली होती. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेलं, बडगीत कुटलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी. नाना जेवायला आले होते. जेवण झाल्यावर उठले नाहीत. आम्ही म्हटलं, "नाना, बसा ना, एक सोंग घ्या."

"माझ्यासाठी कोण उरलंय?"

"पाणी विकणारा उरलाय."

नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग बोलले ते इतक्या हळू की आम्हाला पुढे सरकावं लागलं. "ये बाळ. पैसे तिथे दगडावर ठेव, हातात नको देऊ. घागर तुझी आण, माझ्या भांड्याला शिवू नको. मी वरून ओतीन. ओतताना सावली मात्र आड येऊ देऊ नको. वाईट वाटून घेऊ नको रे, रीत आहे."

शिवी नाही, दरडावणं नाही. आवाजात माया होती! समोर बसलेल्या आमच्या मित्राला शब्द सुचेना. सूत्रधाराने त्याला चिठ्ठी उचलायला सांगितली. निघाला १९. आम्ही ओरडलो, जिंकलो! नानांनी चिठ्ठी वाचली, मान डोलावली आणि त्याच आवाजात म्हणाले, "हुशार आहेस. बरं, पहाटे लवकर ये, तुला सगळ्यांच्या आधी पाणी देतो. अंधारात ये, म्हणजे कोणी बघणार नाही. सावलीचं तेवढं लक्षात ठेव."

ओटा एकदम शांत झाला. वीसपैकी १९ पडूनही सावली तशीच राहिली होती.

"नाना, हे सुचलं कसं तुम्हाला?" कोणीतरी विचारलं.

"सुचलं नाही. ऐकलेलं आहे. माझ्या बापाशी बोलायचे असं. मी घागर घेऊन मागे उभा राहायचो."

महाडवर आम्ही भाषणं ऐकली आहेत, स्वतः केलीही आहेत. पण विकत मिळणारं पाणी आणि तळ्यातलं ओंजळीने घेतलेलं पाणी यात काय फरक आहे, तो त्या रात्री अंगावर आला. गोड बोलून, चतुराई करून, चांगलं दान पाडून तुम्ही सवलत मिळवू शकता, हक्क मिळवू शकत नाही. हक्कासाठी सगळ्यांना मिळून दिवसाढवळ्या तळ्यावर जावं लागतं.

पुढच्या बैठकीत २० मार्चची संध्याकाळ आली. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठते, जमाव मंडपावर चालून येतो, अन्न मातीत कालवलं जातं, माणसं रक्तबंबाळ होतात. बाबासाहेब शांत राहायला सांगतात. आमच्या स्वयंसेवकांच्या हातात काठ्या होत्या. "तू काय करतोस?" एक जण म्हणाला, मी मारणार. दुसरी म्हणाली, मी जखमींना मुसलमानांच्या घरात पोचवते, तिथे आसरा मिळतोय. दोन तास वाद चालला. शेवटी काठी खाली ठेवली गेली, पण ठेवणारा रडत होता. त्या रात्री डबा उघडलाच नाही.

याचा बाहेरच्या आयुष्यात काय उपयोग, असं विचाराल. एक छोटी गोष्ट सांगतो. विहिरी खोदणारीचं पात्र करणारी आमची मैत्रीण शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी एका कार्यालयात चौथ्यांदा गेली होती. पुन्हा तेच, "त्रुटी आहे, उद्या या." आधीच्या तीन वेळा ती मान खाली घालून परत आली होती. या वेळी म्हणाली, "कोणती त्रुटी आहे ते लेखी द्या." लेखी मिळालं. पैसे यायला पुढे दीड महिना लागलाच. पण काउंटरसमोर उभं असताना डोक्यात सूत्रधाराचा आवाज आला, असं ती सांगते.

तरीही आम्हाला खोटा दावा करायचा नाही. हा खेळ म्हणजे चळवळ नव्हे. वाचन, संघटन, मोर्चा, कोर्ट यांची जागा तो घेणार नाही. आणि खरं सांगायचं तर आम्ही उपयोगासाठी खेळतच नाही. मजा येते म्हणून खेळतो! आपल्या पोरांनी मोकळा वेळ घालवला तर तो वाया गेला आणि इतरांच्या पोरांनी घालवला तर तो छंद, हा न्याय कोणी ठरवला? स्पर्धा परीक्षा, नोकरी, आंदोलन याशिवाय आपल्या आयुष्यात काही असूच नये का? ज्यांच्या पूर्वजांना नाव, कपडे, धंदा, रस्ता, काहीच निवडू दिलं नाही, त्यांच्या लेकरांनी संध्याकाळी बसून "मी कोण होणार" हे हसत-खेळत ठरवावं, हे आम्हाला लहान सुख वाटत नाही.

तेव्हा मित्रहो, वीस चिठ्ठ्या करा. एक डबा घ्या. पाच जण बसा, त्यात मुली असू द्या, आणि सूत्रधार दर वेळी बदला, म्हणजे कोणी एक जण कायमचा वर बसणार नाही. जन्मावरून कोणाला काही द्यायचं नाही, एवढा नियम सोडू नका. बाकीचे नियम तुमचे तुम्ही करा.

नाना आता दर शनिवारी येतात. परवा त्यांनी पहिल्यांदा स्वतःसाठी पात्र बनवलं. आम्हाला वाटलं पुढारी होतील, शाहीर होतील. त्यांनी दहा वर्षांचा मुलगा घेतला. त्याच्या हातात घागर आहे. गुण कोणता हवा विचारलं तर म्हणाले, "पोहता येतं लिहा." नियमाप्रमाणे आम्ही विचारलं, कोणाकडून शिकला?

नाना म्हणाले, "अजून शिकायचाय. आधी तळ्यात उतरू तर द्या त्याला."

जय भीम!